डंपस्टरचे भाडे आणि त्यामागचा खरा खर्च

आई-वडिलांचे घर विक्रीला काढण्यापूर्वी ते रिकामे करायचे आहे, भावंडांना केवळ सुट्टीच्या दिवशी येता येते, म्हणून २० घनयार्डांचा डंपस्टर (अडगळ टाकण्यासाठी भाड्याने मिळणारी मोठी, उघडी लोखंडी पेटी) दोन आठवडे दारात ठेवून त्याचे भाडे आपल्या आणीबाणीच्या निधीतून द्यावे, की खेपेगणिक पैसे घेऊन सामान उचलून नेणाऱ्यांना बोलवावे, असा आपला प्रश्न आहे. न्हाणीघराच्या फोडलेल्या फरश्यांचा ढीग परसात पडून असल्याचेही आपण जाता जाता लिहिले आहे; हिशेबाच्या दृष्टीने पत्रातील तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे.

डंपस्टरच्या भाड्यात साधारणपणे तो आणून ठेवणे, ठरावीक दिवस, परत उचलून नेणे आणि ठरावीक वजनापर्यंतची विल्हेवाट एवढे धरलेले असते. २० घनयार्ड म्हणजे सुमारे १५ घनमीटर. गाद्या, खुर्च्या, कपडे यांनी तो काठोकाठ भरला तरी वजनाची चिंता सहसा नसते. राडारोड्याचे गणित मात्र वेगळे आहे. या आकाराच्या डंपस्टरला वजनाची सवलत पुष्कळदा दोन-तीन टनांचीच मिळते आणि तळाशी विटा-फरश्यांचा वीतभर थर पसरला तरी ती संपून जाते, मग वरची सगळी जागा रिकामी असूनही पुढच्या प्रत्येक टनाला जादा आकार लागतो. एका न्हाणीघराच्या फरश्या एवढ्या नसतील. तरीही त्या वेगळ्याच पाठवाव्यात, कारण माती-लाकूड न मिसळलेला निव्वळ राडारोडा भरडून पुन्हा वापरता येत असल्याने त्याची विल्हेवाट अनेकदा स्वस्तात होते.

दोन आठवड्यांची मुदत मला पटत नाही. सुट्टी वगळता उरलेले दिवस उघडा डंपस्टर नुसता उभा राहील, आणि रात्रीतून शेजारपाजारच्या जुन्या गाद्या त्यात येऊन पडतील, त्यांचे वजनही आपल्याच बिलात येईल. त्याऐवजी आधीच्या सुट्ट्यांमध्ये घरातच वर्गवारी करावी: धातू आणि तांब्याच्या तारा भंगारात, चालू स्थितीतील उपकरणे विक्रीला किंवा गरजूंना, रद्दी वेगळी. रंगांचे डबे, बॅटऱ्या, टायर आणि शीतक वायू असलेले फ्रिज डंपस्टरमध्ये सहसा चालत नाहीत. ते सापडल्यास दंड बसतो, म्हणून त्यांची सोय स्वतंत्रपणे लावावी लागेल.

एवढे करून उरलेली अडगळ मोजावी. ती थोडीच असेल, तर खेपेवर उचलणारे परवडतात, कारण त्यांच्या दरात मजुरीही येते. ती १० घनयार्डांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर मात्र २० घनयार्डांचा डंपस्टर तीन-चार दिवसांसाठी घ्यावा. वाहतुकीचा खर्च १० आणि २० घनयार्डांच्या डंपस्टरना जवळपास सारखाच असल्याने भाड्यातील फरक बेताचा असतो, आणि लहान आकार दोनदा मागवणे महागात पडते.

पैसे आणीबाणीच्या निधीतून काढू नयेत. हा खर्च घर विकण्यासाठी आहे, म्हणून तो सर्व वारसांचा आहे. आपण आधी भरणार असाल, तर विक्रीच्या रकमेतून तो प्रथम वळता करून मगच वाटणी होईल, असे भावंडांकडून लेखी घ्यावे. त्याच वेळी, भाडे वाचवण्यासाठी काम लांबवण्यातही शहाणपण नाही: बंद घराचा कर, विमा आणि देखभाल यांचा एका महिन्याचा आकडा डंपस्टरच्या भाड्याशेजारी मांडून पाहावा, तो बहुधा लहान नसेल.

करार करण्यापूर्वी वजनाची मर्यादा, जादा टनाचा दर, जादा दिवसाचा दर आणि गाडी फुकट परत गेल्यास लागणारा आकार या चारही गोष्टी लेखी मागाव्यात. काठाच्या वर माल गेला किंवा वाटेत वाहन उभे असले की गाडी तशीच परत जाते. डंपस्टर सार्वजनिक रस्त्यावर ठेवावा लागणार असेल, तर स्थानिक प्रशासनाच्या परवानगीचे शुल्कही धरावे. विक्रीचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत सर्व पावत्या भावंडांपैकी एकाकडेच असू द्याव्यात.