दत्तक बाळाला घेऊन अमेरिकेला परतेपर्यंत दोन महिने पुण्यात राहायचंय, दूध आणि तब्येत कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं टेक्सासला असता, मुलगी सात महिन्यांची आहे, पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर राहणार आणि घरात मोठं माणूस कोणी नाही. आमचंही जवळपास हेच होतं, फक्त आम्ही न्यू जर्सीचे आणि आमचा मुलगा साडेपाच महिन्यांचा. नऊ आठवडे काढले. मी डॉक्टर नाही, नुसता बाबा आहे, तेव्हा औषधं तुमच्या पेडियाट्रिशियनलाच विचारा (पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक गाठून ठेवा), बाकीचं सांगतो.

बाळ जिथून आणणार त्या दत्तक संस्थेत जाल तेव्हा सगळा वेळ ऑफिसात सह्या करण्यात घालवू नका, बाळाला सांभाळणाऱ्या मावशींना गाठा. आमच्या फाइलमध्ये दूध नीट पितो एवढंच लिहिलेलं. मावशींकडून कळलं की तो रात्री दोनला उठतोच, दूध कोमटपेक्षा जरा गरम लागतं, आणि निपलचं भोक सुईने मोठं केलेलं आहे. एकेका मावशीकडे सात-आठ बाळं, पटापट पाजायचं तर करतात असं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आम्ही तिकडून आणलेली महागडी स्लो फ्लोवाली बाटली दिली तर हा लालबुंद होऊन रडायला लागला, आम्हाला वाटलं पोट दुखतंय, मग वाटलं दूधच पचत नाहीये, डॉक्टरांना फोन झाला, आणि शेवटी रात्री अकराला कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून साधी बाटली आणून दिली तेव्हा चार मिनिटांत संपवून झोपला. फ्लो कमी करायचा तो नंतर, हळूहळू.

दुसरं म्हणजे बाटली उशीला टेकवून एकट्याने प्यायची सवय असू शकते. मांडीवर घेतलं की आमचा तोंड फिरवायचा, बायकोला फार लागलं ते. जबरदस्ती नको, पण टेकवूनही ठेवू नका, ठसका लागतो, कानाचं इन्फेक्शन होतं. आम्ही आधी शेजारी बसून बाटली हातात धरायचो, मग एक हात त्याच्या मानेखाली, मग मांडी. दहा-बारा दिवस गेले यात.

पावडर संस्थेत जी चालू आहे तीच ठेवा, भले तुम्हाला दुसरी कितीही चांगली वाटो. घर, माणसं, वास, आवाज सगळं एका दिवसात बदललेलं असतं, निदान पोटात जाणारं तरी तेच राहू दे. सात महिन्यांची आहे म्हणजे पेज, नाचणीचं सत्त्व, वरण-भात काहीतरी सुरू असेल, तेही किती घट्ट देतात ते विचारा. पाणी उकळून घ्या आणि फार गार होऊ न देता, अर्ध्या तासाच्या आत पावडर घाला, ७० अंशांच्या वर असलं तर पावडरमधले जंतू मरतात, मग बाटली नळाखाली धरून गार करा. दोन तासांनी उरलेलं सरळ ओतून द्या, जीव हळहळला तरी.

आता आमचा घोळ सांगतो. आपल्याकडच्या डब्यांवर साधारण ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं असतं, अमेरिकन डब्यांवर ६० मिलीला एक, कारण चमचाच मोठा. न्यू जर्सीला पोचल्यावर जेटलॅगमध्ये मी सवयीने ३० ला एक टाकत गेलो, म्हणजे दूध दुप्पट घट्ट! दोन फीड तशी गेली आणि बायकोने डबा वाचला. हे धोक्याचं आहे. तेव्हा इथले तीन-चार डबे चमच्यासकट सोबत न्या आणि नवीन पावडर चालू कराल तेव्हा दोन्ही दुधं आपापल्या मापाने वेगवेगळी बनवून मग थोडी थोडी मिसळा.

आजारपणात पहिला नंबर जुलाबाचा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच पूर्ण घालायची, अर्धी किंवा चमचाभर अंदाजाने वाटीत कालवायची नाही, आणि मेडिकलवाला टेट्रापॅकमधलं गोड काहीतरी देईल ते घेऊ नका. दूध बंद करायचं नाही. सहा-आठ तास डायपर कोरडा, डोळे खोल गेलेले, बाळ मलूल, असं दिसलं की सकाळची वाट बघू नका.

खरूज हा प्रकार आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता. त्याच्या तळपायावर बारीक पुळ्या होत्या, घामोळं समजलो, आणि पाचव्या आठवड्यात आम्ही दोघंही रात्रभर खाजवतोय. मोठ्यांना पहिल्यांदा होते तेव्हा चार-सहा आठवड्यांनी कळते म्हणे. मग सगळ्यांनी एकाच दिवशी क्रीम लावायचं, चादरी-कपडे गरम पाण्यात. तुम्ही पहिल्याच तपासणीत पुळ्या दाखवून घ्या.

लसीचं मूळ कार्ड मागून घ्या, नुसती झेरॉक्स नको. पोलिओचे थेंब तिकडे धरत नाहीत (२०१६ च्या एप्रिलपासूनचे), पोलिओचं इंजेक्शन वेगळं लागतं, आणि नऊ महिन्यांना इथे एमआर (गोवर-रुबेलाची लस) झाली तरी वर्षानंतर एमएमआर (त्यात गालगुंडाचीही) परत देतात. बीसीजीचा (टीबीच्या लसीचा) दंडावरचा व्रण बघून तिकडची नर्स दचकली होती आमची. तिकडे पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांकडे न्याच, रक्त, शौच, टीबी, शिसं, थायरॉइड सगळं परत तपासतात. तुम्ही दोघं आणि तिकडे बाळाला सांभाळणारं जे कोणी असेल त्यांनी हिपॅटायटिस ए ची (काविळीच्या एका प्रकारावरची) लस आधीच घ्या. आणि ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये बाळाचं नाव घालायला बाळ ताब्यात आल्यापासून बहुतेक ३० च दिवस मिळतात, तो ईमेल पुण्यातूनच टाका.

भेटायला येणारे नातेवाईक बाळगुटी, मध, काजळ घेऊन येतील. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, काजळात शिसं असू शकतं. सगळ्यांना डॉक्टरांचं नाव पुढे करायचं, आपण वाईट व्हायचं नाही.

आणि निघताना बाळाच्या अंगाखालचं एखादं दुपटं मावशींकडून मागून घ्या, न धुतलेलं, त्या वासाने बाळ झोपतं. आमचं दुपटं भेटायला आलेल्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी डेटॉलमध्ये भिजवलं.