माझी नऊ वर्षांची घोडी सरावाला नाखूश असते. स्पर्धा सोडावी का, की हा केवळ तिचा हट्ट आहे?

'हट्ट' हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. माझ्या घोडीलाही हेच म्हटले गेले होते, आणि म्हणणाऱ्यांत मी स्वतः होतो.

तिला मी शो जम्पिंगसाठी तयार करत होतो. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलो की ती कान मागे पाडून दात दाखवी, आणि अडथळ्याजवळ येताच शेवटच्या दोन टापांत थांबे. प्रशिक्षकांचे निदान तयार होते: घोडी लाडावली आहे, नाकावरचा पट्टा दोन भोके आवळा आणि टाच मारून पुढे काढा. पट्ट्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, तरी मी तो आवळला, कारण निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. तिने तोंड उघडणे बंद केले आणि आम्ही त्याला सुधारणा म्हटले.

चाचणीत तिने तिसऱ्या अडथळ्यापुढे पाय रोवले. वळवून पुन्हा आणली, पुन्हा तेच. बाहेर येऊन खोगीर उतरवले आणि बरगड्यांवरून हात फिरवला, तो तंगाच्या जागी येताच तिने अंग चोरले. पशुवैद्यांनी दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा जठराच्या वरच्या भागात व्रण आढळले. घोड्याच्या जठरात आम्ल 24 तास पाझरत असते, कारण ते शरीर दिवसाचे 14 ते 16 तास चरण्यासाठी घडलेले आहे. पोट रिकामे असताना घोडा दौडवला की ते आम्ल वर उसळून अस्तराच्या असंरक्षित भागाला लागते. आम्ही तर तिला मुद्दाम रिकाम्या पोटी काढत होतो, कारण भरल्या पोटी घोडा जड उडी घेतो, असे प्रशिक्षकांचे ठाम मत होते.

28 दिवस ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध, सरावाआधी सुके गवत आणि उरलेला वेळ कुरणात, एवढ्यावर ती पुन्हा मोकळेपणाने उड्या घेऊ लागली. प्रशिक्षक म्हणाले, आता स्पर्धेत उतरवा. मी उतरवली नाही. ती पुन्हा दुखण्याने थांबली, तर ऐन हंगामात मी पट्टा आवळणार नाही याची मला खात्री नव्हती. त्यांनी याला भावनाविवशता म्हटले आणि आजही म्हणतात.

त्यांना उत्तर असे आहे की, ड्रेसाजचा, म्हणजे घोड्याला शिस्तबद्ध हालचाली शिकवण्याच्या प्रकाराचा, हेतू सांगताना आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांनीच 'आनंदी खेळाडू' हे शब्द घोड्यासाठी वापरले आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, मॉडर्न पेंटॅथलॉन या घोडेस्वारीसह पाच प्रकारांच्या खेळातल्या एका प्रशिक्षिकेने बिथरलेल्या घोड्याला ठोसा मारला आणि तिला स्पर्धेतून काढण्यात आले. पुढे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळण्यात आली. घोड्याची बाजू घेणारे सगळेच हळवे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

प्रत्येक नकारामागे दुखणेच असते असे नाही, हेही खरे; मुळीच न शिकवलेली घोडीही थांबते, आणि काही घोड्यांना उड्या मनापासून आवडतात. त्यामुळे स्पर्धा सोडावी की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. दात, पाठ, खूर, खोगिराचे माप आणि जठर तपासून होईपर्यंत मात्र तिला अडथळ्यासमोर नेऊ नका. आणि तंग आवळताना तिचे कान कुठे असतात, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते आज संध्याकाळीच पाहा.