माउंट केनियाला फोटोग्राफीसाठी चाललोय, २००-६०० मिमीची झूम लेन्स न्यावी का?

लेन्सचं सांगतो, पण मला खरं तर तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ टोचली. "मेन टार्गेट लेनानावरून सनराइज, बाकी वाटेत मिळेल ते." (लेनाना म्हणजे माउंट केनियाचं ट्रेकवाले जातात ते टोक.) हे डिट्टो आमच्या मेव्हण्यांचं वाक्य आहे. बायकोचे थोरले भाऊ, सह्याद्रीतला एक सुळका सोडला नाही असा माणूस. माउंट केनियाला मला तेच घेऊन गेले आणि तेव्हापासून घरात बारसं असो की मुंज, चार पाहुणे जमले की सुरू होतात, "दाजी केनियाला आले होते, पण केनिया केला नाही त्यांनी."

तर झालं असं. ऑगस्टमध्ये गेलो होतो, सिरिमोन गेटने वर, ओल्ड मोझेसला मुक्काम, मग मॅकिंडर व्हॅलीतून शिप्टन्स कॅम्प. शिप्टन्स ४२०० मीटरवर आहे आणि समोरच बाटियन-नेलियन या सुळक्यांच्या भिंती उभ्या. पुढचा कार्यक्रम सगळ्यांचा असतो तोच, रात्री अडीच-तीनला उठा, डोक्याला टॉर्च बांधा, अंधारात लेनाना (४९८५ मीटर) गाठा, सूर्योदय बघा, झेंडा धरून फोटो काढा आणि खाली नाश्त्याला या. पण आदल्या संध्याकाळी मला ओढ्याजवळ फुललेला लोबेलिया दिसला होता आणि त्यावर शिंजीर पक्षी (सनबर्ड) येऊन गेला होता, साधा नाही, इथला उंचावरचा, हिरवाकंच, लांब शेपटीचा. मी जेवतानाच जाहीर केलं की मी उद्या वर येणार नाही. आमचा ग्रुप लीडर सगळ्यांसमोर म्हणाला, "फोटो काढायला आलायस की चढायला?" मी म्हटलं फोटो काढायला, पैसे भरतानाच सांगितलं होतं. मेव्हणे काही बोलले नाहीत, भात कालवत बसले. लोकल गाइडला मात्र काहीच वाटलं नाही, त्याने फक्त विचारलं की चहा किती वाजता देऊ.

पहाटे ती मंडळी गेल्यावर मी बाहेर आलो. तिथे दोन जातींचे लोबेलिया भेटतात (आपल्याकडचा देवनळ याच कुळातला). एकाच्या पानांच्या बैठ्या गुच्छात पाणी साठतं, रात्री वरचा थर गोठतो पण खालचं पाणी गोठत नाही आणि आतला कोंब वाचतो. पहाटे त्या बर्फाच्या चकतीवर उजेड पडायच्या आत फोटो काढायचा, नंतर ती वितळतेच. दुसरा म्हणजे तो माणसाहून उंच केसाळ खांब, टेलेकी, त्याची फुलं त्या केसांच्या आड दडलेली असतात आणि एकदा फुलला की झाड मरतं. बाटियनचं टोक आधी लाल झालं, दरी अजून काळोखात, हा फरक कुठलाच कॅमेरा एका फोटोत नीट धरत नाही, तेव्हा ब्रॅकेटिंग करा, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो काढा. आणि हे सगळं फटाफट करावं लागतं कारण विषुववृत्तावर सूर्य सरळ वर चढतो, सोनेरी उजेड चटकन संपतो, आणि दहा वाजेपर्यंत ढग आले की दुकान बंद.

ऊन खाली पोचलं तसे हायरॅक्स बाहेर आले आणि पेन्शनर आजोबांसारखे दगडांवर उन्हाला बसले. सशाएवढा प्राणी, नातं मात्र हत्तीशी. हे इतके जवळ येतात की ६०० ची लेन्स लावली तर फोकसच होणार नाही. मग शिंजीर आला, त्या केसाळ खांबात चोच खुपसत होता, तेवढ्यात दुसरा नर आला आणि पहिल्याने छातीच्या बाजूचे लाल झुपके बाहेर काढले. ते एरवी पंखाखाली झाकलेले असतात. तो फोटो माझ्याकडे आहे, १००-४०० ने काढलेला.

म्हणून लेन्स: एक २४-७० छाप (रुंद दृश्यांसाठी) आणि १००-४००, बास. २००-६०० म्हणजे दोन किलोच्या वर वजन, चार हजार मीटरवर ते दोन किलो लक्षात राहतात. खालच्या जंगलात हत्ती-रेडे आहेत खरे, पण तिथे तुम्ही पायी असता, रेडा दिसला तर ट्रायपॉड लावायचा नसतो. बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. थंडीतून आत येताना कॅमेरा ड्राय बॅगेत बंद करून आणा, साध्या प्लास्टिकच्या पिशव्या मात्र घरून नेऊ नका, केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. ड्रोन परवान्याशिवाय विसरा.

तुम्ही जानेवारीत जाताय असं लिहिलंय, तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो आणि शिप्टन्सवरून दिसणारी उत्तरेची भिंत सावलीत राहते. त्या दिवसांत नारो मोरूच्या वाटेने, दुसऱ्या बाजूने गेलेलं बरं. आम्हाला ऑगस्ट होता म्हणून ती भिंत उजळली.

हां, नान्युकी गावाजवळचं ओल पेजेटा अभयारण्य करणार असाल तर ६०० जरूर न्या, गेंडे, सिंह, मागे अख्खा माउंट केनिया, तिथे ती कामाला येते. डोंगरावर जाताना हॉटेलात ठेवून जा.

आता मेव्हण्यांसाठी, कारण हे उत्तर ते वाचणार आहेत. माउंट केनियाचं सर्वोच्च टोक बाटियन, ५१९९ मीटर, तिथे दोर लावून खडक चढावा लागतो, ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ मॅकिंडर १८९९ मध्ये चढला ते हे. त्याच्या खालोखाल नेलियन. लेनाना तिसरं. मग दादा, केनिया तुम्ही तरी कुठे केला?

तरी लेनानाला जाऊच नका असं मी म्हणत नाही. वर जाताना लुईस ग्लेशियरचं उरलंसुरलं बर्फ दिसतं आणि ते झपाट्याने संपत चाललंय, तेवढ्यासाठी तरी जा. फक्त वर पोचल्यावर सूर्याकडे पाठ करा. लेनाना पूर्वेला आहे, पहिला उजेड पश्चिमेला नेलियनच्या कड्यावर पडतो, फोटो तिकडे आहे. मेव्हण्यांचा फोन मी बघितलाय, नुसता नारिंगी पट्टा आणि लोकांच्या पाठी, नेलियन एकाही फोटोत नाही.