दिवाळीआधी बेरिॲट्रिक करून घेऊ का? त्यासाठी लेकराची एफडी मोडू का?

प्रश्न : मी माजलगावची. वय ३९, घरीच लेडीज टेलरिंग करते. उंची ५ फूट २ इंच, वजन १०२ किलो. चार वर्षांपासून शुगर आहे. तीन गोळ्या चालू असूनही तीन महिन्यांची सरासरी ८.९ आली. छत्रपती संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी वजन कमी करायची शस्त्रक्रिया सुचवली आहे. पॅकेज ३ लाख ७५ हजार. दिवाळीआधी केली तर ३० हजार कमी करतो म्हणतात. मिस्टरांना जिनिंगमध्ये २२ हजार पगार आहे. माझे सीझनला महिन्याला २५ हजार होतात, एरवी सहा-सात. तीन एकर सोयाबीन आहे, सगळी उधारी देऊन ४० हजार उरतील. बँकेत २ लाख ४० हजारांची एफडी आहे, ती मुलाच्या लातूरच्या क्लाससाठी ठेवलीय (यंदा तो दहावीला आहे). एका मल्टिस्टेट पतसंस्थेत दीड लाख आहेत, पण ते सध्या मिळत नाहीत. सोनं सात तोळे. पाच लाखांची फॅमिली आरोग्य पॉलिसी घेऊन १६ महिने झाले, या ऑपरेशनला तीन वर्षं थांबावं लागतं म्हणतात. पॉलिसी काढताना एजंटने शुगर लिहू नका म्हणून सांगितलं होतं. सासूबाई म्हणतात, पोटाला चिरा पाडून कुणी बारीक होतं का. एफडी मोडून आत्ताच करू, का विम्यासाठी थांबू?

उत्तर : ताई, शस्त्रक्रिया करावी की नाही, स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) की बायपास (जठर लहान करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याला जोडणं), हे ठरवणारा मी नव्हे. ते डॉक्टरांचं काम आहे, आणि एवढ्या मोठ्या निर्णयाला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हजार-दीड हजार गेले तरी जाऊ द्या. मी पैशाचं बोलतो. दिवाळीआधी नको, एफडीला हात नको, आणि नुसत्या विम्याच्या आशेवर वीस महिने बसून राहणंही मला पटत नाही.

आधी विम्याचंच घेऊ, कारण तुमचा सगळा गुंता तिथे आहे. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, ठरवून दिलेल्या अटींनुसार कंपनी लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे पैसे तेव्हाच देते, जेव्हा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त असतो. किंवा ३५ च्या वर असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असतो, आणि साधे उपाय करूनही वजन उतरलेलं नसतं. आपल्याकडचे सर्जन मात्र भारतीय शरीर लक्षात घेऊन ३७.५ आणि सोबत आजार असेल तर ३२.५ हे आकडे धरतात. म्हणजे डॉक्टर 'करा' म्हणाले तरी कंपनी 'बसत नाही' म्हणू शकते, आणि त्यात कुणाचीच लबाडी नसते.

तुमचा बीएमआय आज ४१ च्या थोडा वर येतो. वजन ९८ किलोवर आलं की तो ४० च्या खाली जाईल. मग क्लेमचा सगळा भार तुमच्या 'आटोक्यात नसलेल्या' शुगरवर. या वीस महिन्यांत तुम्ही नीट पथ्य पाळलं, चाललात, चार-पाच किलो उतरवले, शुगर सातवर आणली, तर क्लेम बसण्याची शक्यता तेवढीच कमी होत जाईल. क्लेम मिळावा म्हणून वीस महिने आजारी राहायचं, असं कुणी सांगितलं तर त्याला हात जोडा.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. प्रस्तावात शुगर लपवलीय. क्लेमच्या वेळी कंपनी जुने रिपोर्ट, मेडिकलची बिलं मागवते आणि चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी सापडतेच. तेव्हा नुसता हा क्लेम नाही, अख्खी पॉलिसी जाऊ शकते. तीत मिस्टर आणि मुलगाही आहेत. उद्या मुलाला डेंग्यू झाला तर काय? म्हणून शस्त्रक्रिया करा वा न करा, याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवा: मला अमुक वर्षापासून मधुमेह आहे, प्रस्तावात नोंद राहून गेली आहे, नोंद करून घ्यावी. सोबत पहिल्या निदानाचा रिपोर्ट जोडा. एजंटच्या व्हॉट्सॲपवर नको. कंपनीच्या ईमेलवर आणि शाखेत, पोच घेऊन. कंपनी हप्ता वाढवेल, मधुमेहासाठी वेगळा प्रतीक्षा काळ लावेल, किंवा पॉलिसी रद्दही करेल. रद्द झाली तरी ते आज झालेलं बरं, आयसीयूच्या बाहेर उभं असताना कळण्यापेक्षा. जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो (एप्रिल २०२४ पर्यंत तो ४८ होता), आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. 'मग पाच वर्षं गप्प बसू' असा विचार मनात आला असेल तर तो सोडा. मधल्या काळात तुम्ही तिघंही उघड्यावर आहात.

आणि कुणी 'हर्निया दाखवून क्लेम बसवून देतो' म्हणालं, तर त्या टेबलावरून उठून या. असं सुचवणारे भेटतात. कागदावर सही तुमची असते.

आता पॅकेजकडे वळू. ३ लाख ७५ हजार हा नुसत्या ऑपरेशनचा भाव आहे, सगळा खर्च नव्हे. आधीच्या तपासण्या पॅकेजमध्ये आहेत का ते विचारा: एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टूडी इको, थायरॉइड, झोपेची चाचणी. बहुतेकदा त्या वेगळ्या असतात, २५ हजार धरा. स्टेपलर (जठर कापून टाचायचं यंत्र) आणि त्याची काडतुसं पॅकेजमध्ये आहेत की 'वापराप्रमाणे' लागतील? दोन दिवस जास्त राहावं लागलं, आयसीयू लागलं, तर रोजचे किती? आहारतज्ज्ञांच्या भेटी किती महिने मोफत? हे सगळं हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून घ्या. द्यायला टाळाटाळ झाली तर ३० हजारांच्या सवलतीचा अर्थ तुमच्या लक्षात येईल.

त्यानंतरचा खर्च कुणी सांगत नाही, म्हणून मी सविस्तर सांगतो. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा जास्तच भाग काढून टाकतात. अन्न कमी जातं, जीवनसत्त्वंही कमी मिळतात. म्हणून मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या. वर्षभर नाही, आयुष्यभर. महिन्याला दोन हजार धरा. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्ततपासणी, पुढे दरवर्षी. एका वेळेला पाच हजार. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, पुढे वाटलेलं, मग मऊ. घरचं जेवण जायला दीड-दोन महिने लागतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि सुरुवातीला वाटीभरही जात नाही, म्हणून प्रोटीन पावडर: सहा महिने, दोन हजार महिना. आपण सोयाबीन पिकवून पडेल त्या भावाने आडतीवर घालायचं आणि प्रथिनांचा डबा दोन हजाराला आणायचा, हा मराठवाड्याचा जुनाच व्यवहार आहे. सहा महिन्यांनी मात्र अंडी, पनीर, ताक, मटकी, सोयावड्या यांवर बरंच भागतं. आहारतज्ज्ञांना विचारून डबा बंद करा.

प्रवास: महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या मिस्टरांना पूर्ण, आणि त्यांचा खाडाही धरा. वर्षभरात दहा हजार. तुमचं काम साधारण दोन आठवडे पूर्ण बंद, आणि पुढे महिनाभर वजन उचलायचं नाही. कापडाचे गठ्ठे, शिलाई मशीन सरकवणं, पाण्याची घागर, सगळं आलं. मशीनवर बसायचं कधी, ते डॉक्टर सांगतील.

हे सगळं जोडलं की पहिलं वर्ष ४ लाख ७० हजारांच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षापासून दरसाल ३० हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार. समोरच्या बाजूला शुगरच्या गोळ्या पुष्कळ जणांच्या कमी होतात, काहींच्या बंद होतात. पण ती बचत मी आधीच जमेला धरत नाही. दिसली की धरू. कपड्यांचा खर्च मात्र तुमच्या बाबतीत शून्य लिहिलाय. ज्याला त्याला वर्षभरात तीनदा ब्लाऊज शिवून घ्यावे लागतात, तुमचं मशीन घरचं आहे. बांगड्या, अंगठ्या सैल होतील. सोनाराकडे लगेच मोडायला-घडवायला नेऊ नका. वजन वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं, दरवेळी मजुरी जाईल.

अडीअडचणीसाठी एक लाख वेगळे लागतात. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होतात, हे बऱ्यापैकी दिसतं. डॉक्टर त्यासाठी गोळ्या देतात, तरी कधी पित्ताशय काढावं लागतं. प्रतीक्षा काळात स्वखर्चाने केलेल्या शस्त्रक्रियेतून आलेली गुंतागुंत कंपनी देईल का, हे वरच्या पत्रातच विचारून टाका. लेखी 'हो' येईपर्यंत 'नाही' समजून चाला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, बहुतेक परत येतात. त्यावर महागडी तेलं घेत बसू नका. सुटलेली कातडी काढायची शस्त्रक्रिया विम्याच्या लेखी सौंदर्याची, तिचे पैसे मिळत नाहीत.

मग पैसा कुठून? मल्टिस्टेटमधले दीड लाख हिशेबातून काढून टाका. हातात पडतील त्या दिवशी मोजू. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, हे आता जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज उरलेली नाही. एफडी जूनमध्ये लातूरला जाणार आहे. क्लास, मेस आणि खोली यांतच ती संपेल. तिला मोडून नंतर मुलासाठी कर्ज काढलं तर व्याजाचा बोजा तुम्ही गोळ्या घेत फेडाल.

हॉस्पिटलचं 'नो कॉस्ट ईएमआय'ही मी बाजूला ठेवतो. प्रोसेसिंग फी असते, वर रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट जाते, आणि तुमचं उत्पन्न सीझनचं आहे. भाद्रपदात हप्ता थकला तर सिबिल खराब.

सोनं मोडायला मी एरवी विरोध करतो. इथे करत नाही. तोळ्याचा भाव लाखाच्या वर आहे. घट-बट्टा जाऊन तोळ्याला लाख धरला तरी तीन तोळ्यांत तीन लाख येतात. गहाण ठेवून ९-१० टक्के व्याज भरत राहायचं आणि नंतर सोडवायला पैसे नाहीत म्हणून तेच सोनं लिलावात जाऊ द्यायचं, हे मी जास्त वेळा पाहिलंय. मंगळसूत्र आणि पाटल्या राहू द्या. न वापरातलं गंठण, जुनी एकदाणी असं काढा, आणि दोन सोनारांकडे भाव विचारा. उरलेले चार तोळे हाच तुमचा अडीअडचणीचा निधी. वेळ आलीच तर त्यातले दोन बँकेत ठेवून लाख रुपये दुसऱ्या दिवशी मिळतात.

बाकीचं दिवाळी आणि लग्नसराईतून. आजपासून मे अखेरपर्यंत आठ महिने, महिन्याला १२ हजार बाजूला: ९६ हजार. सोयाबीनचे ४० हजार. सोन्याचे तीन लाख धरून साधारण ४ लाख ३५ हजार होतात. ऑपरेशन आणि आधीच्या तपासण्यांना चार लाख लागतील, उरलेल्यातून पहिले तीन महिने निघतील, पुढचं चालू कमाईतून.

म्हणून माझं मत जून-जुलै. लग्नसराई संपलेली, ऑर्डरी कमी, मुलगा लातूरला पोहोचलेला, सहा-सात हजारांचाच महिना बुडणार. दिवाळीआधी केलंत तर सवलतीचे ३० हजार मिळतील आणि सीझनची ऐन कमाई जाईल, शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्या मशीनवर गेलं की सहजी परतत नाही. शुगर इतके महिने थांबू देईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते 'नाही' म्हणाले तर सीझन सोडा आणि आधी करा. पैशाची रचना तीच ठेवा, फक्त न साठलेल्या ९६ हजारांपुरतं सोनं गहाण जाईल. आणि कंपनीचं उत्तर अनुकूल आलं, डॉक्टरही 'थांबायला हरकत नाही' म्हणाले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा हिशेब बदलेल.

हे आठ महिने नुसते पैसे साठवायचे नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जे जन्मभर करायचं, ते आत्ताच करून बघा. जेवताना पाणी नाही, अर्धा तास अलीकडे-पलीकडे. घास बारीक चावून. पंगतीत 'घ्या हो, एक बुंदी' म्हणणाऱ्यांना नाही म्हणणं. बायपास झाला असेल तर गोडाने चक्कर, घाम, जुलाब होतात. नवरात्राचे उपास कडक करत असाल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. आणि याच महिन्यापासून अडीच हजार रुपये गोळ्यांच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकायला लागा, त्या १२ हजारांतलेच. सलग आठ महिने टाकता आले नाहीत, तर ऑपरेशननंतर त्या गोळ्या कोण आणणार, हा प्रश्न सासूबाईंसमोर, मिस्टरांसमोर आत्ताच मांडा. गोळ्या सुटल्या की रक्त कमी होतं, बी-१२ घसरून हातापायाला मुंग्या येतात, आणि सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

आज दोन कामं: कंपनीला पत्र, आणि हॉस्पिटलला 'दिवाळीआधी जमणार नाही, जूनचा दर लेखी द्या' असा निरोप. दिवाळीच्या ऑर्डरी घ्या.