फिलिपिन्सची शारीस लहानपणी स्पर्धांत गात गात अमेरिकेपर्यंत कशी पोहोचली? आणि आता ती काय करते?

तुम्ही लिहिलंय की मुलीला गाणं दाखवताना शारीसचा एक जुना व्हिडिओ हाती लागला. एवढंसं पोर असं गातं कसं, आणि पुढे ती गेली कुठे, असं विचारलंय. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि स्पर्धांना जाते, हेही वाचलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचं सांगतो. शारीस पेम्पेंग्को हे तेव्हाचं नाव. २०१७ पासून तो जेक झायरस आहे. तो ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी ठरवला गेला पण स्वतः पुरुष, त्यामुळे मी 'तो'च लिहिणार. जुन्या नावाशिवाय तुम्हाला ते व्हिडिओ सापडायचे नाहीत, एवढ्यासाठी ते इथे दिलं.

मला हा आवाज जहाजावर भेटला. २००८ साली मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, फोर्थ इंजिनिअर होतो. अधिकाऱ्यांत आम्ही काही भारतीय, बाकी क्रू जवळजवळ सगळा फिलिपिनो. रविवारी रात्री जेवणं आटोपली की क्रू मेसमधल्या, म्हणजे खलाशांच्या जेवणघरातल्या, टीव्हीला कराओकेचा माइक जोडला जायचा. गाणं संपलं की पडद्यावर शंभरपैकी गुण येतात आणि तुतारीसारखं काहीतरी वाजतं. दिवसभर डेकवर गंज खरवडून हाताला फोड आलेली माणसं त्या गुणांसाठी जीव तोडून गायची. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सच्या लगुना प्रांतातला, पन्नाशीचा, एरवी फार न बोलणारा. एका बंदरात सीमेन्स क्लबमधून त्याने एक व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवून आणला होता. त्या काळी समुद्रावर इंटरनेट कुठलं असायला! त्या रात्री त्याने माइक बाजूला ठेवायला लावला आणि लॅपटॉप टेबलावर मांडला. कोरियाच्या एसबीएस वाहिनीवरचा 'स्टार किंग' नावाचा कार्यक्रम होता, ऑक्टोबर २००७ चा. पंधरा वर्षांचं लहानखुरं पोर, म्हणजे हाच जेक, 'ड्रीमगर्ल्स' या अमेरिकी संगीतिकेतलं ते सगळ्यात अवघड गाणं म्हणत होतं. वरचा सूर जवळ आला तसा बोसनने तळहात वर केला, जणू कुणी बोलू नये म्हणून. मेसमन हातातली ताटं तशीच धरून उभा राहिला. गाणं संपल्यावर बोसन एकच शब्द बोलला, "प्लाकादो."

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या शब्दात आहे. 'प्लाका' म्हणजे तबकडी, ग्रामोफोनची रेकॉर्ड. प्लाकादो म्हणजे मूळ गाणं रेकॉर्डवर जसं आहे तसंच्या तसं, हरकत न हरकत, श्वास न श्वास उतरवणं. आपल्याकडे 'नक्कल केली' म्हटलं की नाक मुरडतात, तिकडे ही मोठी दाद आहे. दुसरा शब्द 'बिरित', म्हणजे वरच्या पट्टीत पूर्ण ताकदीने फेकलेला आवाज. व्हिटनी ह्यूस्टन आणि सेलिन डियॉन यांची गाणी म्हणजे बिरितची परीक्षाच. त्यात इंग्रजी तिथे शाळेपासून असते, अमेरिकेची सत्ता होती तेव्हापासून. त्यामुळे शब्द परके वाटत नाहीत. जगभरच्या क्रूझ जहाजांवर फिलिपिनो गायक-वादक एवढे का दिसतात, त्याचं कारण हेच. आपल्या गोव्याच्या पोरांनाही त्यांच्यासोबत काम केल्याचा अनुभव आहे, त्यांना विचारून बघा.

जेकचा जन्म १० मे १९९२ चा, लगुनामधल्या कबुयाओचा. मनिलाच्या दक्षिणेला. वडील लहानपणीच दुरावले. आई रॅकेल पूर्वी बँडमध्ये गायची, तिनेच गाणं शिकवलं. घरात आई, धाकटा भाऊ आणि हा. साधारण सातव्या वर्षापासून तो स्पर्धांत उतरायला लागला, आणि हौस म्हणून नाही. बक्षिसाच्या पैशांवर घर चालायचं. अशा स्पर्धा त्याने शंभराच्या घरात केल्या.

त्या स्पर्धा कशा असतात ते बोसनने मला समजावलं होतं, कारण त्याची मुलगीही जायची. तिकडे प्रत्येक वस्तीचा एक संत असतो आणि त्याच्या सणाला 'फिएस्ता' होते, आपल्या गावच्या जत्रेसारखीच. बास्केटबॉलच्या मैदानावर मंच बांधतात. एका गावची फिएस्ता झाली की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची. आई-बाप पोराला घेऊन जीपनीत, म्हणजे तिकडच्या वडापसारख्या गाडीत, बसतात, हातात ट्रॅकची सीडी आणि पिशवीत इस्त्री केलेला ड्रेस. समोर कोंबडी भाजणारे, पत्ते खेळणारे, रडणारी पोरं. अशा गर्दीला तीन मिनिटांत आपल्याकडे वळवायचं तर हळुवार गाणं चालत नाही. म्हणून सगळे बिरितचं गाणं निवडतात, शेवटी पट्टी बदलते असं. सात-आठ वर्षं हे केलेलं पोर टीव्हीच्या कॅमेऱ्याला कशाला घाबरेल? लोक म्हणतात तो यूट्यूबमुळे रातोरात मोठा झाला. मला ते पटत नाही. गळा घडला तो त्या मैदानांवर, पोटासाठी.

२००५ मध्ये, तेराव्या वर्षी, तो एबीएस-सीबीएन वाहिनीच्या 'लिटल बिग स्टार' या मुलांच्या स्पर्धेत गेला. सूत्रसंचालन सारा जेरोनिमोकडे होतं. तीही अशाच एका टीव्ही स्पर्धेतून, २००३ साली, चौदाव्या वर्षी वर आलेली. तिथे तो सुरुवातीलाच बाद झाला. मग वाइल्ड कार्डने परत आला आणि शेवटी तिसरा आला. तिसरा! त्यानंतर जवळजवळ काहीच घडलं नाही. एका चाहत्याने त्याच्या गाण्यांच्या क्लिप यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली नसती, तर बहुधा तो आजही लगुनातल्या लग्नांत गात असता.

पुढचं भराभर झालं. ऑक्टोबर २००७ मध्ये कोरिया, मग त्याच डिसेंबरात अमेरिकेत एलन डीजेनेरसचा टीव्ही कार्यक्रम. मे २००८ मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या टीव्ही कार्यक्रमात व्हिटनीचं 'आय हॅव नथिंग' म्हटलं आणि ऑप्राने संगीतकार-निर्माते डेव्हिड फॉस्टर यांना गाठलं. हे फॉस्टर म्हणजे ज्यांनी व्हिटनी आणि सेलिनची कितीतरी गाणी घडवली ते. म्हणजे ज्या रेकॉर्ड ऐकून हे पोर प्लाकादो गायला शिकलं, त्या बनवणाराच आता समोर बसलेला.

सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खुद्द सेलिन डियॉनने त्याला आपल्या कार्यक्रमात मंचावर बोलावलं. दोघांनी मिळून सेलिनचंच गाणं म्हटलं आणि त्याने ते आईला अर्पण केलं. हा व्हिडिओ मुलीसोबत जरूर बघा. सेलिन त्याला जागा करून देते, तिची नजर जवळजवळ सगळा वेळ त्याच्यावर आहे. सोळा वर्षांचा जीव, हजारोंची गर्दी, शेजारी जिचं गाणं गात मोठा झाला ती बाई, आणि आवाज तसूभर हलत नाही. मी हा व्हिडिओ कितीदा पाहिलाय त्याला गणती नाही.

मे २०१० मध्ये आलेला अल्बम अमेरिकेत खपाच्या क्रमाने अल्बम लावणाऱ्या बिलबोर्ड २०० यादीत आठव्या क्रमांकावर गेला. आशियातल्या एकट्या गायकाने तिथे पहिल्या दहात येण्याची ही पहिलीच वेळ, असं तेव्हा छापून आलं होतं. त्याच वर्षी 'ग्ली' या अमेरिकी टीव्ही मालिकेत सनशाइन कोराझोन या मुलीची भूमिका मिळाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आता काय कमी आहे?

आतून त्याचं म्हणणं वेगळं होतं, ते त्याने पुढे स्वतःच सांगितलं. लहानपणापासून आपण मुलगी नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि मंचावर मात्र गाऊन, मेकअप आणि उंच टाचा. २०११ मध्ये वडिलांचा खून झाला. जून २०१३ मध्ये आपल्याला मुली आवडतात हे त्याने फिलिपिन्सच्या टीव्हीवर जाहीर केलं, २०१४ मध्ये ऑप्राला आपला आत्मा पुरुषाचा आहे असं सांगितलं, आणि २०१७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर जेक हे नाव घेतलं. या काळात कित्येक चाहते उठून गेले. त्यांना तो गाऊनमधला उंच आवाज हवा होता, त्यामागचं माणूस नको होतं. मला याचा आजही राग येतो. ज्या पोराने सातव्या वर्षापासून घर ओढलं, त्याने स्वतःचं नाव स्वतः ठेवलं तर कुणाचं काय गेलं?

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, घ्यायला लागल्यावर आवाज खाली उतरतो, आणि ते परत फिरत नाही. ते वरचे सूर गेले. ज्या गळ्यावर सगळं उभं होतं तो त्याने जाणूनबुजून सोडला आणि गायला नव्याने शिकला. माझ्या लेखी हे मॅडिसन स्क्वेअर गार्डनपेक्षा मोठं धाडस आहे.

बोसन आता निवृत्त होऊन गावी असतो. अधूनमधून आमचा व्हिडिओ कॉल होतो. मध्यंतरी मी त्याला जेकची नवीन गाणी पाठवली. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, "ऐकलं. आता प्लाकादो नाही राहिलं." मी विचारलं, म्हणजे आवडलं नाही का? तर म्हणाला, तीनदा ऐकलं, बायकोलाही ऐकवलं.

मुलीला दाखवायचं तर आधी कोरियाचा व्हिडिओ दाखवा, मग सेलिनसोबतचा, आणि मग जेक नाव घेतल्यानंतरचं कुठलंही एक गाणं. तिसरं वगळू नका. मुलं विचारतात, आवाज असा का झाला? तर जे आहे ते सरळ सांगा, त्यांना कळतं. आणि तिला त्या बिरितच्या गाण्यांच्या मागे एवढ्यात धावू देऊ नका. नऊ वर्षांच्या गळ्याला मोठ्या बायकांची पट्टी ताणून गायला लावणं मला पसंत नाही. तिला जे सहज येतं ते आधी गाऊ दे. ती काय गाते ते कळवलंत तर आवडेल.