वाचकांचे प्रश्न : मतपत्रिकेवर पक्ष नसलेलं विधिमंडळ

प्रश्न : नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात पक्षच नाहीत, असं वाचलं. मग तिथे रिपब्लिकनांचं बहुमत आहे, असं बातम्यांत कसं येतं?

उत्तर : पक्ष आहेत, मतपत्रिकेवर नाहीत. अमेरिकेत एकाच सभागृहाचं विधिमंडळ असलेलं हे एकमेव राज्य. अमेरिकी संसदेतले नेब्रास्काचे सदस्य जॉर्ज नॉरिस यांच्या प्रचारामुळे १९३४ साली लोकांनी हा बदल मतदानाने मंजूर केला आणि १९३७ मध्ये नवं सभागृह भरलं. आज त्यात ४९ सदस्य आहेत. सगळ्यांना सिनेटर म्हणतात. उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत, पण तो कोणत्या पक्षाचा नोंदणीकृत मतदार आहे हे उघड असतं आणि पक्ष प्रचारही करतात. बातम्यांतला आकडा तिथून येतो.

फरक पडतो तो सभागृहात. गटनेता नाही, प्रतोद नाही, पक्षादेशही नाही. अध्यक्ष आणि समित्यांचे प्रमुख गुप्त मतदानाने निवडले जातात, त्यामुळे अल्पसंख्य पक्षाचा सिनेटरही समितीप्रमुख होऊ शकतो. आपल्याकडच्या पक्षांतरबंदीची सवय असलेल्याला हे अजबच वाटेल.

प्रश्न : ४९ मध्ये २५ म्हणजे बहुमत. तरी ‘३३ मतं आहेत का?’ हीच चर्चा का?

उत्तर : कारण २५ मतांनी विधेयक मंजूर होतं, पण ते मतदानापर्यंत पोचू दिलं तर. प्रत्येक विधेयकावर समितीपुढे जाहीर सुनावणी होते. कुणीही नागरिक जाऊन बोलू शकतो. समितीतून सुटलं की सभागृहात तीन फेऱ्या. विरोधकांनी भाषणं आणि दुरुस्त्या लावून वेळ खाल्ला, तर चर्चा बंद करायला दोन तृतीयांश, म्हणजे ३३ मतं लागतात. ३२ पडली की विधेयक त्या दिवशी बाजूला पडतं, आणि बहुतेक वेळा त्या अधिवेशनात परत येत नाही. अधिवेशनही मोजकं : विषम वर्षी ९० कामकाजाचे दिवस, सम वर्षी ६०. म्हणून रेंगाळवणं हेच तिथलं खरं हत्यार.

सप्टेंबर २०२४ चं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेचा अध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याला ठरावीक मतं (इलेक्टोरल मतं) असतात; नेब्रास्काची पाच मतं विभागून जातात : दोन राज्यभरच्या निकालावर, तीन मतदारसंघांप्रमाणे. ती सगळी एकाच उमेदवाराला देण्यासाठी विशेष अधिवेशनाची हालचाल झाली. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झालेले ओमाहा शहराचे सिनेटर माइक मॅकडॉनेल यांनी नकार दिला, ३३ चा आकडा जमेना आणि बेत बारगळला. प्रतोद असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

प्रश्न : ओमाहातले आमचे नातेवाईक नुकतेच नागरिक झाले. पक्ष न निवडता मतदार नोंदणी केली, तर मे महिन्यातल्या प्राथमिक फेरीत विधिमंडळाच्या जागेसाठी मत देता येईल?

उत्तर : हो. या जागेसाठी सगळ्या मतदारांना एकच यादी मिळते. पहिले दोन नोव्हेंबरमध्ये भिडतात, मग दोघं एकाच पक्षाचे का असेनात. गव्हर्नरपदाची प्राथमिक फेरी मात्र पक्षनिहाय असते, तेव्हा नोंदणीआधी तेवढं बघून घ्यावं.

प्रश्न : या सिनेटरांना पगार किती?

उत्तर : वर्षाला १२,००० डॉलर, शिवाय अधिवेशनातला भत्ता. नोकरदाराला हे परवडणं कठीण, म्हणून निवृत्त, शेतीवाले, स्वतःचा धंदा असलेले जास्त दिसतात.