पाणी कुठवर आलं होतं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत कायम झालास, वाचून बरं वाटलं. पण पत्राच्या तळाशी घाईनं खरडलेली एक ओळ आहे : ‘तिला इथं करमत नाही, बाई.’ बायकोबद्दलच्या त्या ओळीसाठीच पत्र लिहिलंस ना? शिकवणीलाही तू असाच. खरं गाऱ्हाणं दप्तर उचलून निघताना सांगायचास.

आधी घराचं बोलते. नदीकडच्या बाजूला खोली बघितलीस, भाडं विश्रामबागेपेक्षा पुष्कळ कमी. का कमी, ते विचारलंस? आपण आटपाडीकडची माणसं. टँकरची वाट बघण्यात पिढ्या गेल्या. पाणी आपल्या पायानं घरात शिरेल हे आपल्या डोक्यातच येत नाही. सांगलीत पावसाळ्यात ‘पाणी कुठवर आलंय?’ असं विचारलं की उत्तर फुटांत मिळतं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ वर गेली होती, २०२१ ला पुन्हा ५० च्या पुढे. आणि आकाशाकडे बघून फसू नकोस. सांगलीत ऊन पडलेलं असतं, वर कोयनेतनं पाणी सुटलेलं असतं. २००५ ला आम्ही गव्हाचं पिंप वरच्या मजल्यावर नेईपर्यंत जिन्याच्या तीन पायऱ्या बुडाल्या होत्या.

घरमालकाला विचारू नकोस, त्याला खोली द्यायचीय. त्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या आजी शोध आणि विचार, ‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’ त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. मात्र विचारायला दोघं जा आणि बोलू दे बायकोला. सांगलीत पुराचं विचारलं की माणूस दारातून बोलत नाही, आत बोलावतो. कोणी कोणाच्या गच्चीवर किती दिवस काढले, कोणी कोणाला भाकरी पोचवली, अख्खी गल्ली तासाभरात कळते. खोली घेतली नाहीत तरी ओळख राहील.

आता करमण्याचं. तुझी सांगली आणि तिची सांगली एक नाही, बाळा. तुला पाळीवरचे सोबती आहेत, चहाची टपरी आहे, चार रस्ते पाठ झालेत. तिला ठाऊक आहे ती नळाची वेळ आणि घंटागाडी. आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. १९८४ साली आम्ही सांगलीत गेलो तेव्हा मला अजून शाळेत नोकरी नव्हती. बँक, रॉकेल, दवाखाना, सगळं तेच करायचे, प्रेमानंच. पुढं त्यांना टायफॉइड झाला आणि मिरजेला कुठली बस जाते हे मला रस्त्यावर उभं राहून परक्या माणसाला विचारावं लागलं. मिरज ती किती लांब! त्यांचा राग आला नाही, स्वतःचीच लाज वाटली.

म्हणून कामं फिरवा. गॅस, बँक, लाइटबिल महिनाभर तिच्याकडे दे. चुकली तरी मध्ये पडू नकोस. सुट्टीच्या दिवशी घंटागाडीमागं बादली घेऊन तू पळ. बायका हसतील, हसू देत. दर शनिवारी गावाकडची एसटी मात्र पकडू नका. निदान पहिले तीन महिने एकाआड एक रविवार तिथंच काढा. पावसाळ्याआधी हरिपूरला जा, कृष्णा-वारणेचा संगम शांत असताना बघून ठेवा. ती वाचते म्हणालास, तर नगर वाचनालयाचं सभासदत्व घ्या, तिच्या नावावर. २०१९ ला तिथली पुस्तकंही पाण्यात गेली होती.

माहेरी रोज फोन करते म्हणून कुरकुरू नकोस. तो आपोआप कमी होईल, नाही झाला तर मला लिही.

एसटीनं डाळिंबाची पेटी पाठवतेय. त्यातली चार बाजूला काढून ठेव, भिंत दाखवणाऱ्या आजींसाठी. द्यायला तिलाच एकटीला पाठव.

तुझ्या बाई